कमाई माझी, मग कर कशाचा?

आमच्या खेडोपाडींच्या मंडळ्यांत कर हा शब्द नवा नाहीं. शेतसारा, घरपट्टी, पाणीपट्टी, बाजारांत बसल्याबद्दल फाडावी लागणारी पावती, हीं सर्व वडीलमाणसांच्या परिचयाचीं आहेत. परंतु इन्कमटॅक्स अथवा प्राप्तिकर हा आजवर दुसऱ्याच्या घरचा विषय होता. तो सावकाराला, कारखानदाराला, फार तर हायस्कुलांतल्या हेडमास्तरांना लागू. आपणांस त्याचें काय, अशी समजूत होती. ती आतां पुरत नाहीं. ज्या घरांतील आजोबा जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबले, त्याच घरांतील नातू अथवा नात आज पुण्यास किंवा बंगळूरास संगणकासमोर बसून पगार मिळवीत आहे, आणि एके दिवशीं तिच्या अथवा त्याच्या हातीं कराचा आंकडा येतो. मग सुटींत गांवीं आल्यावर जेवतांना तोच विषय निघतो. घरच्या वडिलांस व मंडळीच्या प्रचारकांस त्यावर काय बोलावें हें सुचत नाहीं. ह्या प्रश्नांत हिशेबाचा भाग थोडा व नीतीचा भाग बराच आहे असें आम्हांस वाटतें, म्हणून त्याचा कांहींसा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

पेठ वडगांवचा एक तरुण आपण डोळ्यांपुढें आणूं. बाप ट्रकवर चालक, आई दुसऱ्याच्या उसांत भांगलणीस जाणारी. मुलगा गांवच्या शाळेंत शिकला, शिष्यवृत्तीवर इंजिनियर झाला आणि पुण्यास एका कंपनींत लागला. एप्रिल २०२५ पासून सप्टेंबरअखेर त्याला दरमहा १ लाख रुपये मिळाले. ऑक्टोबरांत त्यानें नोकरी बदलली. तेथें दरमहा दीड लाख ठरले. वर्षाची बेरीज १५ लाख झाली. पहिल्या कंपनीनें हिशेब धरला तो वर्षाच्या १२ लाखांचा. २०२५-२६ ह्या आर्थिक वर्षाच्या नव्या पद्धतीप्रमाणें पगारदारास ७५,००० रुपयांची ठोक वजावट मिळते, आणि उरलेलें उत्पन्न १२ लाखांच्या आंत असेल तर सगळा कर माफ होतो; म्हणून तिनें कांहींच कापलें नाहीं. दुसऱ्या कंपनीस आधींच्या पगाराची माहिती ह्यानें दिली नाहीं. तिनें आपल्या सहा महिन्यांचे ९ लाख पाहिले व तिनेंही कांहीं कापलें नाहीं. परंतु सरकारच्या दप्तरीं दोन्ही पगार एके ठिकाणीं येतात. वजावट एकदांच मिळते, उत्पन्न सव्वाचौदा लाख ठरतें, १२ लाखांची माफी सुटते, आणि मग मोजणी पार खालून सुरू होते. पहिल्या ४ लाखांवर कांहीं नाहीं; पुढच्या ४ लाखांवर शेंकडा ५ प्रमाणें २०,०००; त्यापुढील ४ लाखांवर शेंकडा १० प्रमाणें ४०,०००; राहिलेल्या सव्वादोन लाखांवर शेंकडा १५ प्रमाणें ३३,७५०. त्यावर शेंकडा ४ आरोग्य व शिक्षण उपकर. एकंदर ९७,५०० रुपये, आणि वेळेवर हप्ते न भरल्याबद्दल व्याज निराळें.

हा आंकडा पाहून त्याचें डोकें फिरलें तर नवल नाहीं. पैसा आला तसा गेलेला असतो. घरावर स्लॅब पडला, शिक्षणासाठीं काढलेलें कर्ज फिटलें, बहिणीच्या लग्नास हातभार लागला. आतां बँकेंत लाखभर रुपये कोठून असणार? शिवाय पावणेतेरा लाखांचा पगार असता तर एक पैसा पडला नसता, आणि सव्वादोन लाख जास्त मिळवले म्हणून साडेसत्त्याण्णव हजार, हें त्याला शिडीची एक पायरीच काढून घेतल्यासारखें वाटतें. तो म्हणतो, “बाबा, रात्री जागून काम मी केलें, सरकारनें काय केलें? बाजारपेठेंतले कितीक दुकानदार पक्की पावती फाडीत नाहींत, मोठ्या बागायतदारांचा ऊस लाखोंचा जातो, त्यांना कोणी विचारीत नाहीं. सांपडतो तो आमच्यासारखा पगारी माणूस.” बापाला उत्तर सुचत नाहीं. आईला तर एवढी रक्कम एकदम जाणार ह्या कल्पनेनेंच धस्स होतें.

ह्या बोलण्यांत खोटें थोडें आहे. म्हणून जे कोणी अशा मुलास “कायदा तो कायदा” एवढेंच सांगून गप्प बसवूं पाहतात त्यांचें वागणें आम्हांस पसंत नाहीं. ज्याला राग येतो त्याच्या रागांत न्यायाची चाड असते, आणि ती दडपल्यास उद्यां तो मुकाट्यानें चोरी करावयास शिकेल.

करासंबंधींचा राग आमच्या लोकांत मुरलेला आहे आणि त्यास इतिहासाचें कारण आहे. वडगांवांतच पाहा. येथें सेनापति धनाजी जाधव यांची समाधि आहे. ते १७०८ सालीं वारले. पुढें पेशवा झालेला बाळाजी विश्वनाथ हा त्यांच्याच पदरीं वसुलाचें काम करीत असे, आणि त्यानेंच १७१९ सालीं दिल्लीच्या बादशहाकडून चौथाई व सरदेशमुखी यांच्या सनदा आणिल्या. चौथाई म्हणजे मुलखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे आणखी दहावा. ज्या रयतेकडून हा पैसा निघे तिला त्या बदल्यांत मुख्यतः एकच गोष्ट मिळे, ती ही कीं घोडेस्वार लुटावयास येत नसत. पुढें इंग्रजी अंमलांत १८५७ च्या बंडाचा खर्च भरून काढण्यासाठीं जेम्स विल्सन यानें १८६० सालीं ह्या देशांत पहिला प्राप्तिकर बसविला. वर्षास २०० रुपये मिळविणारासही त्यांतून सुटका नव्हती. २०० पासून ५०० पर्यंत शेंकडा २ आणि त्यावर शेंकडा ४. विल्सनसाहेब त्याच वर्षाच्या ऑगस्टांत कलकत्त्यास वारले आणि कर १८६५ सालीं बंद पडला, पण १८८६ च्या कायद्यानें तो कायमचा परत आला. स्वराज्य आल्यावर तरी दर सौम्य झाले म्हणावें, तर १९७३-७४ सालीं वरच्या पायरीवर अधिभार धरून शेंकडा ९७.७५ पर्यंत मजल गेली होती. म्हणजे त्या पायरीवरच्या रुपयांतले सव्वादोन पैसे मिळविणारास उरत. एवढा कर कोणी प्रामाणिकपणें भरील अशी अपेक्षा करणें हें लोकांस खोटें बोलावयास लावणें होय, आणि तसेंच झालें. तेव्हां कर म्हटला कीं लपवावयाचें ही जी बुद्धि घरोघर दिसते, ती केवळ लोकांच्या लबाडीनें उपजली असें आम्ही म्हणत नाहीं. राज्यकर्त्यांनींही ती पेरली.

शुभवर्तमानांतील जकातदार आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. त्याचा लोक तिरस्कार करीत, कारण रोमी राज्यांत जकातीचा मक्ता घेतलेला मनुष्य ठरल्याहून अधिक उकळून आपलें घर भरी. परंतु येथें एक बारीक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार येऊन आम्हीं काय करावें असें विचारूं लागले तेव्हां त्यानें त्यांस धंदा सोडावयास सांगितलें नाहीं; नेमून दिल्याहून जास्त घेऊं नका एवढेंच सांगितलें. जक्कयानें लुबाडलेलें चौपट परत करण्याचें कबूल केलें, तेथेंही दोष वरकमाईचा होता. आणि मंदिराच्या पट्टीविषयीं प्रश्न निघाला असतां प्रभूनें ती देण्यास आपण वस्तुतः बांधलेले नाहीं हें पेत्राला समजावून दिलें, तरी दुसऱ्यांस अडखळण होऊं नये म्हणून ती भरविली. आपलें म्हणणें स्पष्ट सांगावयाचें आणि तरीही पट्टी चुकवावयाची नाहीं, हा जो मार्ग तेथें दिसतो तोच ह्या विषयांत आम्हांस सर्वांत उपयोगाचा वाटतो.

आतां “कमाई माझी” ह्या शब्दांकडे वळूं. त्या तरुणानें मेहनत केली हें खरें. त्याच्या वर्गांतील दहा जणांनीं तेवढी केली नसेल. पण तेवढीच मेहनत त्याच्या आजोबांनीं केली होती, आणि त्यांच्या हातीं काय आलें? बुद्धि व कष्ट दोन्ही पिढ्यांत सारखेच होते. मधल्या काळांत जें बदललें तें पुष्कळसें दुसऱ्यांच्या पैशानें बदललें. कोल्हापूर संस्थानांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या बापास दरमहा एक रुपया दंड ठेविला. हा खर्च आकाशांतून पडला नाहीं, प्रजेच्याच पट्टीचा तो पैसा होता. ज्यानें ती पट्टी भरली त्याच्या घरीं कदाचित् शिकण्याजोगें मूल नव्हतेंही, आणि ज्याचें मूल शिकलें त्याच्यापाशीं पट्टी भरावयास कांहीं नव्हतें. वडगांवच्या त्या मुलाची शिष्यवृत्ति व त्याच्या आईचें बाळंतपण ज्या सरकारी दवाखान्यांत झालें तो दवाखाना, हीं कोणा अनोळखी माणसाच्या कमाईंतूनच आलेलीं असतात. त्या माणसासही आपली कमाई आपलीच वाटत असेल.

ह्याच पगारपत्रकावर आणखी एक बारीक रकाना असतो, त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधितों. महाराष्ट्रांत पगारदाराच्या पगारांतून दरमहा २०० रुपये व फेब्रुवारींत ३०० रुपये असा वर्षास २,५०० रुपये व्यवसायकर कापला जातो. (लहान पगारांस सूट आहे, आणि २०२३ पासून दरमहा २५,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या स्त्रियांस तो माफ आहे.) रक्कम क्षुल्लक, म्हणून कोणी विचारीत नाहीं, आणि तो रकाना कशासाठीं सुरू झाला हें तर शंभरांत एकास ठाऊक नसेल.

१९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखों माणसें कामासाठीं बाहेर पडलीं. सांगली जिल्ह्यांतील तासगांवाकडचे वि. स. पागे हे त्या वेळीं विधानपरिषदेचे सभापति होते. जो प्रौढ मनुष्य अंगमेहनतीचें काम मागेल त्याला सरकारनें काम दिलेंच पाहिजे, ही कल्पना त्यांनीं धरून लाविली. दुष्काळ आला कीं कामें काढावयाचीं, पाऊस पडला कीं बंद करावयाचीं, हें पूर्वींपासून चालत आलें होतें. काम मागणें हा हक्क समजावा, ही गोष्ट नवी होती. पण हक्क म्हटला कीं पैसा आला. त्यासाठीं १९७५ सालीं व्यवसायकराचा कायदा झाला: शहरांत ज्यांस बांधील पगार व चालता धंदा आहे त्यांनीं थोडें द्यावें, त्यांत सरकारनें आपली तेवढीच भर घालावी, आणि त्या निधींतून खेड्यांतील बिनकामाच्या हातांस काम मिळावें. मोटारी, बागायत जमिनी इत्यादिकांवरही ह्याच कामासाठीं आणखी कर होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीं झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. २००५ सालीं देशभरासाठीं रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हां महाराष्ट्राचाच कित्ता समोर होता. आमच्या वडगांवच्या बाजूस वारणेचें पाणी असल्यानें त्या कामांची गरज तुलनेनें कमी पडली. परंतु पूर्वेकडे जतेस, आटपाडीस, पुढें सोलापुराकडे जाऊन पाहिलें तर रोजगार हमीवर बांधलेला पाझर तलाव अथवा नालाबांध दाखविणारीं माणसें अजून भेटतात. त्या कामांवर निम्म्याच्या आसपास बायका असत. मंडळीच्या वृद्ध भगिनींपैकीं ज्यांनीं खडी फोडिली त्यांस विचारा. त्या वर्षीं घरांत ज्वारी कशी आली हें त्या सांगतील.

ह्या योजनेंत गळती नव्हती असें आम्ही म्हणत नाहीं. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी झाल्या, निधि सांचून राहून दुसरीकडे वळला अशी टीका झाली, आणि ती टीका वाजवी होती. तरी पण मुंबईंतल्या एका कारकुनाचे दरमहा कांहीं रुपये जतेच्या माळावरील एका बाईच्या पदरांत जात होते, आणि दोघांचीही गांठ कधीं पडली नाहीं, ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. दान करणारास निदान आभार मिळतात. कर भरणारास तेही मिळत नाहींत; उलट नोटीस मिळते. आमच्या मतें ह्यामुळेंच कर भरणें हें दानापेक्षां कडू आहे. घेणाऱ्याच्या बाजूनें पाहिलें तर मात्र त्यांत एक मोठा गुण आहे. रोजगार हमीवर गेलेल्या बाईस कोणापुढें हात पसरावा लागला नाहीं. काम मागण्याचा तिला हक्क होता.

तरुणाची दुसरी तक्रार इतरांविषयींची आहे, आणि ती अधिक अवघड आहे. शेतीचें उत्पन्न केंद्राच्या प्राप्तिकरांतून वगळलेलें आहे. हें १८८६ पासून चालत आलें, आणि राज्यघटनेनेंही शेतीच्या उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार राज्यांकडे ठेविला. ज्याची दोन एकर कोरडवाहू आहे त्यास ह्या माफीचा कांहींच लाभ नाहीं, कारण त्याचें उत्पन्न करास पात्र होण्याइतकें कधींच नसतें. लाभ आहे तो मोठ्या बागायतदारास, आणि शहरांतील जो मनुष्य आपला दुसरा पैसा शेतीचा म्हणून दाखवितो त्यास. १९७२ सालीं के. एन. राज यांच्या समितीनें मोठ्या धारणेवर कर असावा असें सुचविलें होतें. तें राहून गेलें, कारण हें मत मागावयास जाणाऱ्यास परवडत नाहीं. येथें तरुणाचें बोलणें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

परंतु “सांपडतो तो पगारी माणूसच” ह्या बोलण्यास आमची हरकत आहे. ३१ जुलै २०२४ पर्यंत देशांत ७ कोटि २८ लाख प्राप्तिकराचीं विवरणपत्रें दाखल झालीं. एवढ्या मोठ्या देशाच्या मानानें ही संख्या लहान, आणि त्यांतही पुष्कळांस कर पडत नाहीं. मग बाकीचे लोक कांहींच देत नाहींत काय? त्याची आई भांगलणीचा पगार घेऊन बाजारांत अंगाचा साबण घेते. १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर आला तो साबणावर २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत शेंकडा १८ होता, त्यानंतर शेंकडा ५ झाला. तिला कोणी नोटीस पाठविली नाहीं, तिचें उत्पन्न किती हें कोणी विचारलें नाहीं, आणि त्याच बाजारांत मोटारींतून उतरणाऱ्या बाईनें त्याच साबणावर तेवढाच कर दिला. पूर्वीं मिठाचें असेंच होतें. मिठावर मणामागें अडीच रुपये कर असतां गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांचें कांहीं शिक्षण कागल-कोल्हापुरास झालें होतें, त्यांनीं १९०२ सालीं कलकत्त्याच्या कौन्सिलांत सरकारास त्याचा जाब विचारला, आणि पुढील पांच वर्षांत तो पायरीपायरीनें उतरून १९०७ सालीं एक रुपयावर आला. तेव्हां ज्या करांत आधीं उत्पन्न विचारतात, गरिबास सोडून देतात आणि जास्तवाल्याकडून जास्त घेतात, तो कर दिसावयास कठोर असला तरी साबणाच्या करापेक्षां न्यायाचा आहे. आमच्या तरुणाच्या १५ लाखांपैकीं ९७,५०० म्हणजे रुपयांतले साडेसहा पैसे. पूर्वीं त्याच्या आईच्या साबणावर किंमतीच्या रुपयास अठरा पैसे जात. राग करावयाचा तर आईच्या वतीनें आधीं करावा.

इतर लोक चुकवितात हें कारण पुढें करून आपणही चुकविणें, ह्याविषयीं मात्र आमचें मत स्पष्ट आहे. कर न देण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांच्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. १८४६ सालीं अमेरिकेंत हेन्री थोरो यानें गुलामगिरी चालविणाऱ्या सरकारास आपण डोईपट्टी देणार नाहीं असें उघड सांगितलें आणि तो एक रात्र तुरुंगांत बसला. (दुसऱ्याच कोणी त्याची पट्टी भरून टाकली, म्हणून एकच रात्र.) १९२८ सालीं बारडोलीच्या शेतकऱ्यांनीं शेंकडा २२ नें वाढविलेला सारा भरण्याचें वल्लभभाई पटेलांच्या सांगण्यावरून नाकारलें, त्यांचीं गुरेंढोरें व भांडीं जप्त झालीं, जमिनी सरकारजमा झाल्या, पण एकानेंही आपली जमीन लपविली नाहीं. शेवटीं चौकशी होऊन वाढ शेंकडा ६.०३ एवढीच योग्य ठरली. ह्या लोकांनीं आपलें नांव सांगून नाकारलें आणि नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलें. जो आंकडा दडवितो तो नुकसान दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. सरकारास जें कमी पडतें तें साबणावरून निघतें.

आमच्याच भागांतील एक उदाहरण देण्यासारखें आहे. सहकारी साखर कारखान्यांनीं सभासद शेतकऱ्यांस सरकारी किमान दरापेक्षां जो जास्त दर दिला, तो खर्च नसून नफ्याची वांटणी आहे असें म्हणून प्राप्तिकर खात्यानें वर्षानुवर्षें कारखान्यांकडे कराची मागणी लाविली. आमच्या ऊसकऱ्यांस हा उघड अन्याय वाटे. कारखान्यांनीं दर लपविला नाहीं. हिशेब मांडून भांडले. तासगांवच्या कारखान्याच्या नांवानें हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २०१९ सालीं त्या जास्त दरांत नफ्याचा अंश किती हें नव्यानें तपासण्याचा निकाल झाला. पुढच्या वर्षांचा प्रश्न २०१५ च्या कायद्यानें मिटला होता, मागच्या वर्षांची सूट २०२३ च्या अर्थसंकल्पांत मिळाली, आणि तिची किंमत सुमारें १०,००० कोटि रुपये असल्याचें अर्थमंत्र्यांनीं सांगितलें. वेळ फार लागला. पण खोटी वही ठेविली असती तर भांडावयास तोंडच राहिलें नसतें.

आणि आतां त्या मोहाविषयीं, जो खेड्यांतील घरापर्यंत आला आहे. तरुणास कर पडला असें कळतांच कोणी तरी मित्र एक एजंट सांगतो. हा एजंट जुन्या करपद्धतींत विवरणपत्र भरून न भरलेलें घरभाडें, न घेतलेलें कर्ज, न दिलेली देणगी दाखवितो, कर उतरवितो अथवा परतावा आणवितो, आणि त्यांतला हिस्सा आपण ठेवितो. प्राप्तिकर खात्यानें १४ जुलै २०२५ रोजीं अशा खोट्या वजावटींच्या संबंधांत देशांत सुमारें १५० ठिकाणीं तपासणी केली. त्याआधींच्या चार महिन्यांत सुमारें ४०,००० लोकांनीं आपल्या चुकीच्या १,०४५ कोटि रुपयांच्या मागण्या परत घेतल्या होत्या असेंही त्या वेळीं जाहीर झालें. त्यांतले बरेच जण साधे पगारदार होते. कागदावर काय लिहिलें हेंही कांहींना ठाऊक नसेल. पण सही, म्हणजे आजकाल मोबाइलवर आलेला आंकडा, त्यांचाच असतो, आणि दंड त्यांच्याच माथीं येतो.

येथें मंडळीच्या व तिच्या शाळा-दवाखान्यांच्या खजिनदारांस आम्हांस एक शब्द सांगावयाचा आहे. ५,००० रुपये देऊन ५०,००० ची पावती मागणारा मनुष्य परका नसतो, तो आपलाच कोणाचा तरी पोरगा असतो, त्याच्या आईला आपण “ताई” म्हणतों, आणि तो म्हणतो, “काका, तुमचें काय जातें?” नाहीं म्हणणें कठीण आहे हें आम्हांस ठाऊक आहे. तरी पावतीपुस्तक हें लोकांनीं विश्वासानें सोंपविलेलें असतें. तें एकदां खोटें झालें कीं उद्यां विधवेनें दिलेल्या दहा रुपयांच्या पावतीवरही कोणी विश्वास ठेवणार नाहीं.

सरकार पैसा उधळतें, रस्ता एका पावसांत उखडतो, ही जी तिसरी ओरड आहे तिला उत्तर देण्याची आम्हांस इच्छा नाहीं, कारण ती पुष्कळ अंशीं खरी आहे. एवढेंच सुचवितों कीं २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे, दहा रुपयांच्या अर्जावर रस्त्याचें अंदाजपत्रक मागतां येतें, आणि असा अर्ज करणारांत पगारदार तरुण आम्हांस फारच थोडे दिसतात. ते मोबाइलवर रागावतात आणि निजतात. ज्यानें ९७,५०० भरले त्याच्याइतका हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणास आहे?

राहिला व्यवहार. ज्या तरुणांनीं वर्षाच्या मधें नोकरी बदलली असेल त्यांनीं आधींच्या पगाराचा व कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीस पहिल्याच महिन्यांत लेखी द्यावा, म्हणजे कर दर महिन्याच्या पगारांतून थोडा थोडा कापला जाईल आणि शेवटीं डोंगर उभा राहणार नाहीं. कापलेल्या करापलीकडे वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून अधिक निघणार असेल तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर व १५ मार्च ह्या चार तारखांना हप्त्यानें भरावयाचा असतो. चुकल्यास दरमहा शेंकडा १ व्याज चालू होतें, आणि तें पैसे भरीपर्यंत चालूच राहतें. म्हणून रागाच्या भरांत दोन महिने वाया घालवूं नयेत. आमच्या त्या तरुणापाशीं आज सगळी रक्कम नसेल तर जेवढी आहे तेवढी आधीं भरावी, म्हणजे व्याज उरलेल्यावरच चढेल. आणि बाकीसाठीं एजंटाकडे जाण्यापेक्षां पतसंस्थेकडे अथवा मामाकडे गेलेलें बरें. मामा उसने देतांना दोन शब्द सुनावील, तेवढे ऐकून घ्यावे.